मंगरूळ वेशीची बाजारपेठ

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड या जुन्या व्यापारी शहराला एकेकाळी तट होता आणि त्या तटाला दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस व मंगरूळ वेस अशा चार वेशी होत्या. वेस म्हणजे तटातून ये-जा करण्याचे मुख्य दार, आणि रस्ता ज्या गावाकडे निघतो त्या गावाचे नाव वेशीला देण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. कारंज्याच्या नैर्ऋत्येला असलेले मंगरूळपीर त्या शहराच्या व्यापारात किती मोलाचे होते, हे या एका नावावरून ध्यानात येते. तट बहुतांश नाहीसा झाला, पण वेशींची नावे लोकांच्या तोंडी टिकली. मंगरूळपीरच्या मुख्य रस्त्याचा आणि तेथील दुकानांचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर तो कारंज्याच्या पेठेसह पाहावा लागतो, कारण एक गाव आसपासच्या खेड्यांतील माल गोळा करणारे होते आणि दुसरे तो दूरच्या बाजाराला रवाना करणारे होते.

मंगरूळपीरची ओळख प्रथम श्रद्धास्थानांमुळे झाली. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे गावाच्या नावाला ‘पीर’ जोडले गेले. बिरबलनाथ महाराजांचे मंदिर व त्यांची यात्रा हे गावाचे दुसरे मोठे आकर्षण. उरूस आणि यात्रा यांचा बाजारपेठेशी असलेला संबंध सहसा दुर्लक्षिला जातो, पण वऱ्हाडातील कित्येक पेठांची सुरुवात तेथूनच झालेली आहे. यात्रेला येणारे व्यापारी आरंभी पाले ठोकत, म्हणजे बांबू व कापडाची तात्पुरती दुकाने उभारत. वर्षातून एकदा भरणाऱ्या या बाजाराला आठवडी बाजाराची जोड मिळाली की काही जण पालाच्या जागी मातीचा ओटा घालत, ओट्यावर छप्पर येई आणि एक-दोन पिढ्यांत तेथे पक्के दुकान उभे राही. अशा दुकानांची ओळ वाढत जाऊन जो रस्ता तयार होतो, तो कोणा राजाने आखलेला नसतो, त्यामुळे तो सरळ नसतो, मध्येच रुंदावतो, मध्येच अरुंद होतो आणि बहुधा देवस्थान किंवा वेस यांच्यापाशी जाऊन थांबतो.

राज्यकर्त्यांनी मुद्दाम वसविलेल्या पेठांची पद्धत वेगळी होती. मराठा अमलात नवी पेठ वसविताना व्यापाऱ्यांना ‘कौल’ दिला जाई. कौल म्हणजे ठरावीक वर्षे कर माफ करण्याचे किंवा सवलतीने घेण्याचे लेखी अभय. पेठेचा कारभार शेटे आणि महाजन या वतनदारांकडे असे, दुकानांच्या जागा नेमून देणे, वजनमापांवर लक्ष ठेवणे व बाजारातील तंटे मिटविणे ही त्यांची कामे होती. वऱ्हाडात अठराव्या शतकात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल चालला, महसुलाचे वाटे पडले आणि रयतेवर दोन्हीकडून ओझे आले. तरीही व्यापारी पेठा टिकून राहिल्या, कारण दोन्ही सत्तांना रोख पैसा लागत असे आणि तो सावकाराच्या पेढीखेरीज अन्यत्र मिळत नसे.

कारंज्याची श्रीमंती त्याहूनही जुनी आहे. 1670 मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर त्याच वर्षाच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी मोगलांच्या वऱ्हाडावर स्वारी केली, तेव्हा त्यांनी निवडलेले शहर कारंजा होते. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी या स्वारीतील लूट सुमारे एक कोटीची सांगितली असून ती सोने, चांदी व उंची कापड यांच्या रूपात चार हजार बैल व गाढवांवर लादून नेल्याचे म्हटले आहे. शहरातील बहुतेक धनिक पकडले गेले आणि एक मोठा सावकार स्त्रीवेशात निसटला, असाही उल्लेख ते करतात. समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो मैल आत असलेल्या, कोणत्याही राजधानीचा मान नसलेल्या शहरात एवढी संपत्ती साचली होती, याचा अर्थ हाच की ती केवळ व्यापारातून आलेली होती. त्या वैभवाची आठवण कारंज्यात ‘कस्तुरीची हवेली’ या नावाने सांगितली जाते. एका जैन व्यापाऱ्याने उंटांवर लादून आलेली सारी कस्तुरी विकत घेतली आणि घराच्या बांधकामाच्या गाऱ्यात कालवली, अशी ती दंतकथा आहे. कथेतील कस्तुरीचा पुरावा मागण्याचे कारण नाही. श्रीमंती दाखविण्यासाठी लोकांना सिंहासन किंवा हत्ती न सुचता घराची भिंत सुचली, ही गोष्ट मात्र व्यापारी शहराच्या मनाविषयी पुष्कळ सांगून जाते.

आज वऱ्हाडातील मुख्य रस्त्यांवर जी जुनी दुकाने व माड्या दिसतात, त्यांपैकी बहुसंख्य त्या लुटीच्या सुमारे दोनशे वर्षे नंतरच्या, कापसाच्या काळातील आहेत. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या कारखानदारांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे वळली. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाड ओलांडून 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या शाखामार्गाचे उद्घाटन केले, यावरून त्या वेळी सरकारला वऱ्हाडी कापसाची किती निकड होती हे कळते. मंगरूळ हा त्या काळी वाशीम जिल्ह्याचा तालुका होता; 1905 मध्ये तो जिल्हा मोडून तालुका अकोला जिल्ह्यात गेला आणि 1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाल्यावर मंगरूळपीर त्यात परत आला.

मंगरूळपीरला रेल्वे आली नाही. कारंज्यावरून मात्र मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मापाचा लोहमार्ग गेला, जो किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली चाले आणि ज्यावरील गाडीला लोक पुढे ‘शकुंतला’ म्हणू लागले. त्यामुळे मंगरूळच्या बाजूचा शेतकरी कापूस बंडीत, म्हणजे मालवाहू बैलगाडीत भरून रात्री निघे आणि मंगरूळ वेशीकडून कारंज्यात शिरे. तेथे त्याची गाठ प्रथम अडत्याशी पडे. अडत्या म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकून देणारा मध्यस्थ, जो त्याबद्दल अडत नावाचा मोबदला घेतो आणि गरजेला उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही देतो. अडत्यानंतर दलाल, खरेदीदार, मापारी व हमाल अशी साखळी असे. भाव रुमालाखाली ठरे. दोघे व्यवहारी एका कापडाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी आकडा सांगत, आणि ज्याचा माल विकला जात होता त्या शेतकऱ्याला तो आकडा दिसत नसे. वजन झाल्यावर कडता म्हणून माल कापला जाई, शिवाय धर्मादाय, गोरक्षण अशा नावांनी आणखी पैसे वजा होत. यांतील काही रक्कम खरोखर सत्कार्याला लागत असेलही, पण ती देणाऱ्याला कोणी विचारीत नसे.

या गोंधळाला पहिला आळा बसला तो कारंज्यातच. 1886 मध्ये हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या आदेशान्वये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि भारतातील पहिला नियंत्रित शेतमाल बाजार म्हणून कृषी पणनाच्या अभ्यासात त्याचे नाव आजही प्रथम घेतले जाते. नियंत्रित बाजार म्हणजे ज्यात सौद्याची जागा, वजनमापे आणि मध्यस्थांचे दर नियमाने ठरविलेले असतात असा बाजार. ब्रिटिश गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात मिळावा हा त्यामागचा हेतू होता. शेतकऱ्याचे हित हा दुय्यम लाभ होता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला, तोही देशातील अशा प्रकारचा पहिला. त्याखालील समित्यांत व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले आणि पिकविणाऱ्याला स्थान मिळाले नाही, हा त्याचा मोठा दोष होता. तरी 1928 मध्ये अहवाल देणाऱ्या शेतीविषयक रॉयल कमिशनने वऱ्हाडाच्या अनुभवाची दखल घेऊन नियंत्रित बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली. आज गावोगावी दिसणाऱ्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची मुळे अशा रीतीने मंगरूळ वेशीच्या आतील पेठेपर्यंत पोहोचतात. वऱ्हाडाचे हे एवढे मोठे श्रेय तेथील शाळकरी मुलांना क्वचितच सांगितले जाते, ही खेदाची बाब आहे.

कापसाच्या पैशातून जी दुकाने बांधली गेली, त्यांची रचना त्या व्यापाराच्या गरजेतून आलेली आहे. वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर उभी केलेली भिंत तडकते. जाणते गवंडी काळी माती काढून पाया खाली मुरमापर्यंत नेत आणि जोत्याला दगड वापरत. जोते रस्त्यापासून दोन-तीन फूट उंच ठेवण्यामागे दोन कारणे असत. पावसाचे पाणी आत येत नसे, आणि बंडीतील माल उतरविताना हमालाला वाकावे लागत नसे. जोत्याचा पुढचा भाग म्हणजे ओटा. दिवसा त्यावर गिऱ्हाईक टेके, रात्री बाहेरगावचा शेतकरी झोपे. ओट्याच्या मागे सागवानी खांबांची ओळ आणि खांबांच्या मधल्या जागेत फळ्यांचे दार असे. खाली उंबऱ्यात व वर पाटात खाच असून तिच्यात एकेक फळी सरकवीत नेली जाई, प्रत्येक फळीवर क्रमांक कोरलेला असे आणि शेवटच्या फळीला कडी-कुलूप लागे. सकाळी या फळ्या त्याच क्रमाने काढून भिंतीशी उभ्या केल्या की दुकानाचा सारा पुढचा भाग रस्त्याला मोकळा होई. आज लोखंडी शटर आले असले, तरी अनेक जुन्या दुकानांच्या उंबऱ्यातील खाच तशीच राहिलेली असते.

आत शिरल्यावर गादी येते. गादी म्हणजे पांढऱ्या खोळीची बैठक, लोड-तक्के आणि मालकापुढे उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. पेढीचा सारा व्यवहार येथे बसून होत असे, म्हणून ‘अमक्याची गादी’ असे म्हटले की त्याची पेढी असा अर्थ घेतला जाई. गादीच्या मागे अंधारी, जाड भिंतींची कोठी, तिच्या मागे अंगण आणि त्याही मागे सरकी किंवा धान्याची वखार असे. वरची माडी कुटुंबाची. तिचा जिना दुकानातून न नेता बाजूच्या बोळातून नेलेला आढळतो, कारण घरातील स्त्रियांना गिऱ्हाइकांच्या गर्दीतून जावे लागू नये, अशी त्या काळची रीत होती. साध्या दुकानांवर धाबे असे. धाबे म्हणजे तुळयांवर फळ्या किंवा काड्या अंथरून त्यावर पांढरी माती चोपून केलेले सपाट छत, जे उन्हाळ्यात खोली गार ठेवते पण दरवर्षी पावसाआधी लिंपावे लागते. श्रीमंत पेढ्यांवर कौले व पत्रे आले, माडीला ओतीव लोखंडी कठडे बसले, आणि काही घरांवर चुन्यात काढलेले मोर, वेली किंवा देवतांच्या आकृती दिसू लागल्या.

या दुकानांतून आणखी एक मोठे धन होते, ते म्हणजे वह्या. लाल कापडी बांधणीच्या लांब वहीत रोजचा व्यवहार लिहिला तर ती रोकडवही आणि प्रत्येक खातेदाराच्या नावावर जमा-खर्च काढला तर ती खतावणी. मराठी पेढ्यांवर हे लेखन मोडीत होई, मारवाडी पेढ्यांवर महाजनी लिपीत. कापसाचा भाव कोणत्या दिवशी काय होता, दुष्काळात कोणाची जमीन गहाण पडली, लग्नासाठी किती उचल घेतली गेली, सागवान कोठून आणले आणि सुताराला काय मजुरी दिली, हे सारे त्यांत असते. सरकारी गॅझेटिअरांत तालुक्याचे आकडे मिळतात, पण एका ओट्यावर झालेल्या व्यवहाराची नोंद फक्त येथे सापडते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते. जुन्या वह्या माडीवर वाळवीला मिळतात किंवा रद्दीत जातात.

व्यापारी वस्तीने कागद जपले तर काय होते, याचे उदाहरणही कारंज्यातच आहे. तेथील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन जैन परंपरांच्या मंदिरांत भट्टारकांची, म्हणजे दिगंबर जैनांच्या मठाधिपतींची, पीठे होती, आणि त्यांच्या भांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते राखली गेली. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा या संग्रहाकडे विद्वानांचे लक्ष गेले. पुढे डॉ. प. ल. वैद्य आणि डॉ. हिरालाल जैन यांनी पुष्पदंत या दहाव्या शतकातील कवीचे अपभ्रंश भाषेतील ग्रंथ संपादित केले व ते कारंज्याच्या ग्रंथमालेतून 1931 पासून प्रकाशित झाले. मराठीच्या पूर्वीच्या भाषावस्थेचा अभ्यास ज्या साहित्यावर उभा आहे, त्याचा महत्त्वाचा भाग कापूस विकणाऱ्या गावाने सांभाळून ठेवला होता.

पेठेची उतरण एका कारणाने झाली नाही. महाराष्ट्राचा बाजार समितीचा कायदा 1963 मध्ये झाला व 1967 पासून अमलात आला, त्यानंतर धान्याचे सौदे गावाबाहेरच्या विस्तीर्ण आवारांत गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण जुन्या गाद्यांसमोरची बंड्यांची रांग थांबली. 1972 मध्ये राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त शासनयंत्रणेलाच विकायचा असा नियम आला, आणि खाजगी कापूस अडतीचा पायाच निघाला. योजना शिथिल होईपर्यंत जुन्या पेढ्यांनी किराणा, कापड, खते-बियाणे यांकडे मोर्चा वळविला होता. पुढे वाशीम जिल्ह्यात सोयाबीनने कापसाची पुष्कळ जागा घेतली आणि जिनांच्या, म्हणजे सरकी व रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या उंच चिमण्या बंद पडल्या.

इमारतींच्या दुरवस्थेला मालकीचे प्रश्नही कारण आहेत. विदर्भातील शहरांत मुख्य रस्त्यावरील बऱ्याच जागा नझूल असतात. नझूल म्हणजे सरकारी मालकीची, भाडेपट्ट्याने दिलेली नागरी जमीन, जिच्या पट्ट्याचे नूतनीकरण रखडले की घरमालकाला कर्जही मिळत नाही व दुरुस्तीची परवानगीही. त्यातच मध्य प्रांत व वऱ्हाडाचा 1949 चा भाडे नियंत्रण आदेश महाराष्ट्राचा 1999 चा कायदा येईपर्यंत विदर्भात लागू राहिला. त्यामुळे कित्येक दुकानांची भाडी इतकी अल्प राहिली की मालकाला छप्पर दुरुस्त करणे परवडेना आणि भाडेकरूला ते आपले काम वाटेना. दोघांच्या मध्ये माडी गळत राहिली, वारसांत वाटण्या झाल्या आणि अखेरीस बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव हाच एकमेव मार्ग उरला. या साखळीत कोणा एकाला दोषी धरणे अन्यायाचे होईल. परंतु परिणाम सर्वत्र सारखाच दिसतो, सागवानी दर्शनी भाग जाऊन काचेचा व अॅल्युमिनियमचा येतो आणि एक गाव दुसऱ्यासारखे दिसू लागते.

मुंबईतील दादाभाई नौरोजी मार्गाचे उदाहरण येथे उपयोगी पडावे. पूर्वीच्या या हॉर्नबी रोडवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इमारतींना तळमजल्यावर कमानीचा सोपा ठेवणे बंधनकारक झाले होते, ज्याखालून पादचारी ऊन-पावसात चालू शकत. शंभर वर्षांनी त्या कमानी पाट्या, जाहिराती व तारांनी झाकून गेल्या, तेव्हा वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने दुकानदार व महापालिका यांनी मिळून पाट्यांचे आकार, त्यांची जागा, दिवे व बाके यांचे साधे नियम ठरविले. या कामाला 2004 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की तेथील दुकाने दुकानेच राहिली, कोणालाही धंदा सोडून संग्रहालय उघडावे लागले नाही.

मंगरूळपीरसारख्या नगरपरिषदेला मुंबईचा निधी मिळणार नाही, पण कायद्याची वाट मोकळी आहे. 2020 मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारती व परिसर यांच्या जतनाची तरतूद आहे आणि ती राज्यातील बहुतांश नगरपरिषदांनाही लागू होते. वारसा यादीत इमारतींच्या तीन श्रेणी असतात. तिसरी श्रेणी, जिच्यात एकेकटी सामान्य असलेली पण एकत्रितपणे रस्त्याला रूप देणारी घरे येतात, ती अशा पेठांसाठीच आहे. तिच्या नियमांत आतील बदलांना बराच वाव राहतो.

काळही फार थांबणारा नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा कारंज्याजवळ आणि मंगरूळपीर तालुक्यातील शेलुबाजारजवळ आहेत, आणि जमिनीच्या किमती वाढल्या की जुन्या दुकानाखालची जागा दुकानापेक्षा महाग ठरते. म्हणून मंगरूळपीर व कारंजा येथील नगरपरिषदांनी मुख्य रस्त्यावरील प्रत्येक जुन्या दुकानाचे छायाचित्र, मोजमाप आणि बांधकामाचे वर्ष यांची नोंद तातडीने करून घ्यावी. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम विद्यार्थ्यांकडून एका वर्षात पूर्ण करून घेण्याजोगे आहे. आणि ज्या व्यापारी कुटुंबांच्या माडीवर मोडी किंवा महाजनी लिपीतील वह्या अजून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाला किंवा पुराभिलेख कार्यालयाला दाखवाव्यात, एवढी विनंती आहे.